चाळीस दिवसांचं वाक्य

सोळा पानांच्या त्या पुस्तकात एकच वाक्य पुरतं झुंबरचं होतं, आणि तिच्या मते तेच सगळ्यांत देखणं होतं. बाकीचं सगळं फादर देलवोंचं. ते सांगायचे, ती लिहायची. फादरांना खानदेशात येऊन तीस वर्षं झाली होती. दोंडाईच्याच्या बाजारात भाजीवालीशी ते अशी अहिराणी बोलायचे की नवखा माणूस मागे वळून बघायचा, हा गोरा दाढीवाला बोलतोय की कुणी पाटील! पण बाळबोध अक्षर समोर आलं की त्यांची गाडी चिखलात रुतायची. म्हणून त्यांनी झुंबरला धरलं.

झुंबर ही स्टेशनवर रुळांचे सांधे बदलणाऱ्या चुडामण सांधेवाल्याची मुलगी. वय चौदा, इयत्ता सातवी, वर्गात एकटीच मुलगी. मागच्या वर्षी डिप्टीसाहेब शाळा तपासायला आले तेव्हा मुलगे त-त-प-प करत राहिले आणि हिने सबंध धडा एका दमात खणखणीत वाचून दाखवला. साहेब 'शाब्बास' म्हणाले. तेव्हापासून हिची मान जी वर झाली ती खाली यायचं नावच घेईना. फादरांच्या स्वयंपाकीण भिकुबाई चुलीपाशी बसून म्हणायच्या, की शिकून शिकून पोर हाताबाहेर गेली, आता हिला नवरा कोण देणार? झुंबर म्हणायची, नवरा नसला तरी चालेल, मला पुस्तक मिळतंय.

पुस्तक होतं संत ह्युबर्टचं. बाराशे वर्षांपूर्वी फादरांच्या मुलखात, बेल्जममध्ये, होऊन गेलेला बिशप. बिशप म्हणजे सगळ्या पाद्र्यांवरचा मोठा पाद्री, हे झुंबरने पहिल्याच पानावर स्पष्ट करून टाकलं होतं. पण आधी हा ह्युबर्ट काही संतबिंत नव्हता. श्रीमंताचा पोरगा, आणि शिकारीचं असं वेड की बायको वारली तरी रान सुटेना. येशूच्या मरणाचा दिवस, गावातली झाडून सगळी माणसं देवळात, आणि हा आपला कुत्री घेऊन हरणामागे. आणि मग ते हरीण थांबलं. वळलं. त्याच्या शिंगांच्या मधोमध लखलखता क्रूस! हरीण त्याला म्हणालं, किती दिवस माझ्याच मागे धावणार आहेस? ह्युबर्ट घोड्यावरून उतरला तो कायमचाच. संपत्ती वाटून टाकली, पाद्री झाला. त्याच्या गुरूचा खून झाला तेव्हा गुरूची गादी त्याच्याकडे आली. त्यानंतर जन्मभर तो जंगलातल्या खेड्यापाड्यांतून पायी हिंडला. त्याची हाडं पुढे एका रानातल्या गावी नेऊन पुरली, आणि फादरांचं जन्मगाव तिथून अर्ध्या दिवसाच्या चालीवर.

शिकाऱ्यांचा संत म्हणून कुत्र्यांचा संत, आणि कुत्र्यांचा म्हणून पिसाळलेल्या कुत्र्यांचाही. त्या मुलखात देवळादेवळात संत ह्युबर्टची किल्ली असायची. किल्ली आपली म्हणायची, दिसायला वीतभर लोखंडी खिळा, टोकाला छोटंसं शिंग कोरलेलं. कुत्रं चावलं की ती तापवून जखमेवर टेकवायची. मग नऊ दिवस वेगळं अंथरूण, वेगळा पेला. चाळीस दिवस केसांना फणी लावायची नाही. फादर सात वर्षांचे असताना त्यांच्या मनगटाला शेजारचं कुत्रं चावलं होतं. गावच्या पाद्र्याने किल्ली टेकवली आणि आईने चाळीस दिवस त्यांचे केस विंचरले नाहीत. मनगटावर तो डाग अजून होता. तीच किल्ली पुढे त्यांच्याकडे आली आणि दोंडाईच्यात दवाखान्याच्या दाराशी खुंटीवर लटकली. दवाखाना म्हणजे स्टेशनसमोर एक खोली, क्विनाइन आणि मलमपट्टी.

ते कुत्रं खरंच पिसाळलेलं होतं का, असं झुंबरने एकदा विचारलं होतं. फादर म्हणाले, देव जाणे, ते पळून गेलं.

पण पुस्तक काही किल्लीसाठी नव्हतं. शेवटच्या दोन पानांवर खरी गोष्ट होती, की आता या विषावर लस निघाली आहे, मुंबईला परळला सरकारी दवाखान्यात चौदा दिवस पोटात सुया टोचतात, आणि चावलेल्या माणसाने पहिली गाडी धरून तिकडे जावं. नुसतं 'मुंबईला जा' म्हटलं तर कोण जातं? ह्युबर्टचं बोट धरून माणसं परळला पोचवायची, असा फादरांचा बेत होता. आणि बेत चांगलाच होता.

मधल्या एका पानावर फादरांनी सांगितलं होतं, 'लांबचा माणूस संताच्या देवळापर्यंत लगेच येऊ शकत नसेल, तर त्याला चाळीस दिवसांची मुदत मिळते, असं जुने लोक मानत.' झुंबरला ते वाक्य अगदी मेंगळट वाटलं. हरीण बोलतंय, शिंगांत क्रूस पेटलाय, आणि शेवटी 'असं जुने लोक मानत'? तिने टाक बुडवला आणि लिहिलं: 'ज्याला ही किल्ली लागली, त्याला चाळीस दिवस मरण शिवत नाही.'

तिने ते वाचूनही दाखवलं, लपवलं नाही. फादर मनगटावरच्या डागावरून बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "माझी आई अगदी असंच म्हणायची." आणि वाक्य राहिलं.

दिवाळीला पुस्तक धुळ्याच्या छापखान्यातून आलं. साल एकोणीसशे सव्वीस. तीनशे प्रती. पुस्तकावर तिचं नाव नव्हतं, पण त्याने काय बिघडतं? तिने शाळेत सांगितलं, पाणवठ्यावर सांगितलं, बाजारात तर वाण्याला थांबवून सांगितलं, की हे मी लिहिलंय. कुणाचा विश्वास बसला नाही. भिकुबाई म्हणाल्या, "तू लिखं? मंग मीबी रेलगाडी चालाडस." बाजाराच्या दिवशी फादर औषधाबरोबर एकेक प्रत द्यायचे, ती अनेर नदीपलीकडे, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंत जायची. आपलं वाक्य डोंगरात चाललंय, या विचाराने झुंबरला रात्री हसू फुटायचं.

माघात जामसिंग आला.

सकाळची शाळा सुटून ती दवाखान्यात आली तेव्हा अंगणात बैलगाडी उभी होती. दोन दिवसांची वाट तुडवून आलेले बैल मान टाकून होते. जामसिंग पावरा, पायथ्याच्या एका पाड्यावरचा. उंच, काटक. खाली जमिनीवर बसला होता. भिकुबाईंनी पुढे केलेल्या बाजेवर बसला नाही, कारण त्याने होळीचा नवस धरला होता आणि नवस फिटेपर्यंत बाजेला अंग लावायचं नव्हतं, अंघोळ करायची नव्हती. नवस होता मुलीचा. पाच मुलं गेल्यावर जगलेली ही एक, रेशमा, सात वर्षांची. ती गाडीत गवतावर बसून बैलाच्या शेपटीशी काहीतरी बोलत होती. तिच्या कानशिलापासून गालापर्यंत खपली धरलेले दातांचे व्रण होते.

आठ दिवसांपूर्वी ती हरभरा राखत असताना कोल्हा अंगावर आला होता. दिवसाढवळ्या, माणसांना न भिता. दोन दिवसांनी तो ओढ्यात मरून पडलेला सापडला, पाण्यापासून दोन हातांवर, तोंडाला फेस. हे सगळं जामसिंगने फादरांना नीट, क्रमाने सांगितलं. मग धोतराची गाठ सोडून त्याने पुस्तक काढलं. पाड्याच्या खालच्या गावात शाळा होती, तिथल्या मास्तराने त्याला ते तीनदा वाचून दाखवलं होतं आणि कामाच्या ओळीशी नखाने खूण करून दिली होती. जामसिंगने त्या खुणेवर बोट ठेवलं आणि दाराजवळच्या खुंटीकडे पाहिलं.

फादरांनी आधी शेवटची पानं उघडली. मुंबई, परळ, सुया. आज दुपारची गाडी जळगावला जाते, तिथून मुंबईची गाडी, उद्या सकाळी पोर दवाखान्यात. चेहऱ्यावर चावलेलं असलं की विष लवकर चढतं, एक दिवसही घालवू नकोस. चुडामणने तोवर स्टेशनमास्तरांना सांगून दोन तिकिटंही काढून ठेवली. जामसिंग सगळ्याला मान डोलावत होता आणि त्याचे डोळे खुंटीवरून हलत नव्हते. परळ त्याने पाहिलं नव्हतं. किल्ली समोर होती. आणि ते नियम, वेगळं अंथरूण, वेगळा पेला, न विंचरलेले केस, ते त्याला कुणी समजावून सांगायची गरजच नव्हती. त्याच्या होळीच्या देवाचेही असेच होते. ज्याच्या नियमांना अंग झिजवावं लागतं तो देव खरा, एवढं त्याला कळत होतं. नुसतं सुईकडे पोट करायचं, त्याला काय नियम?

फादर नको म्हणाले. आठ दिवसांच्या जखमेवर डाग देऊन काही होत नाही, पोरीला उगाच भाजणं आहे. जामसिंग तसाच बसून राहिला. तास गेला. मग त्याने हलकेच विचारलं, आम्ही रानातले म्हणून देत नाही का?

फादरांचा चेहरा पडला. दुपारच्या गाडीला दीड तास होता. शेवटी त्यांनी सौदा केला. किल्ली लावतो, पण लावल्याबरोबर गाडीत बसायचं. जामसिंग म्हणाला, "हा."

भिकुबाईंच्या चुलीत किल्ली लाल झाली. रेशमाचे हात झुंबरने धरले होते. ती पोर किंचाळली नाही. तिने झुंबरच्या तळहातात नखं रुतवली आणि तोंडातल्या तोंडात कुठलंतरी झाडाचं नाव पुन्हा पुन्हा घेत राहिली. जळाल्याचा वास आला. फादरांनी प्रार्थना म्हटली. जामसिंगने दोन्ही हात जोडले. त्याच्या तोंडावर इतकं समाधान पसरलं की झुंबरला, खरं सांगायचं तर, क्षणभर अभिमानच वाटला.

मग जामसिंग उठला आणि बैलांना गाडीला जुंपायला लागला.

गाडी तिकडे आहे, स्टेशनावर, असं फादर म्हणाले. जामसिंगने अतिशय अदबीने सांगितलं, की तो मुंबईला नक्की जाईल. शब्द दिलाय, मोडणार नाही. पण होळी पंचवीस दिवसांवर आली आहे, नवस सोडून गेलं तर पोरीवरच उलटेल. होळी झाली की चाळिसाव्या दिवशी तो तिला घेऊन येतो. "चाळीस दिन शेतस ना," तो म्हणाला. "पोथीमा लिखेल शे."

आता घाई कुणाला? किल्लीनेच तर मुदत दिली होती. फादरांनी दाढीवरून हात फिरवला आणि तो तसाच हवेत राहिला. त्यांनी पुष्कळ सांगितलं, अहिराणीत, हात धरून, शेवटी गुडघे टेकून. की तो जुन्या लोकांचा समज आहे. जामसिंगला ते काही केल्या पटेना. मघाशी किल्ली देत नव्हते, आता मुदत देत नाहीत. फादरबाबा भला माणूस, पण आज त्याचं मन थाऱ्यावर नाही, असंच त्याला वाटलं असावं.

तेव्हा झुंबर गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"जामसिंगभाऊ, ते वाक्य मी लिखं. माले चांगलं वाटनं म्हनीसन लिखं. ते खरं नही शे."

जामसिंगने तिच्याकडे पाहिलं. त्याला तिचा राग आला नाही. आला असता तर बरं झालं असतं. तो हसला, आपल्या पोरीकडे बघून हसतात तसा.

"तू? तू तं पोर शे, माय. पोथी काय पोरी लिखतीस?"

तिने भिकुबाईंकडे पाहिलं. भिकुबाईंना आता सगळं कळलं होतं. त्या म्हणाल्या, खरंय, हिनेच लिहिलंय, हिला विचारा. पण त्यांनीच चार महिने सगळ्या बाजाराला उलटं सांगितलं होतं. झुंबरने पाटी आणली, तेच वाक्य न बघता लिहून त्याच्यापुढे धरलं. जामसिंगला वाचता येत नव्हतं. त्याने पाटी कौतुकाने पाहिली आणि रेशमाला दाखवली.

स्टेशनात गाडी आली. चुडामणने गार्डाला विनवलं, गार्डाने दोन मिनिटं काढली, शिट्टी हातात धरून अंगणाच्या दिशेने पाहिलं. दोन मिनिटांत काय होणार होतं? शिट्टी झाली. चुडामणने सांधा टाकला आणि गाडी जळगावकडे निघून गेली. बैलगाडी दुसऱ्या रस्त्याने निघाली. रेशमा मागे तोंड करून बसली होती. तिने झुंबरला हात केला. झुंबरनेही केला, दुसरं काय करणार?

त्या संध्याकाळी झुंबर रडत होती तेव्हा फादर एवढंच म्हणाले, "मी ऐकलं होतं, झुंबर. मला आवडलं होतं. आणि किल्ली माझ्या हातात होती." त्यामुळे काही हलकं वाटलं नाही.

नवव्या दिवशी फादर भाड्याच्या घोड्यावरून पाड्यावर पोचले. सत्तरीचा माणूस, दोन दिवस जायला, दोन यायला. जामसिंगने त्यांना मक्याची भाकर वाढली, अंगणात उतरवून घेतलं, निघताना कोंबडी दिली. रेशमा मजेत होती. डाग सुकला होता, केसांचं घरटं झालं होतं, वेगळ्या पेल्यातून पाणी पीत होती आणि आपल्याला वेगळा पेला मिळालाय म्हणून इतर पोरांपुढे मिरवत होती. फादरांनी तिच्या आईलाही विनवलं. आई म्हणाली, पोर तर बरी आहे. खरंच बरी होती, तिथेच तर सगळं अडत होतं. परत येऊन फादरांनी हे सांगितलं, भिकुबाईंनी वाढलेलं ताट बाजूला सारलं आणि तापाने झोपले. बरे झाल्यावर त्यांनी मामलेदारांना अर्ज केला. आजारी नसलेल्या मुलीला बापाच्या घरून कोण उचलून आणणार, असं उत्तर आलं.

झुंबर पुस्तकं गोळा करायला लागली. दर बाजारी ती टोपली घेऊन फिरायची, ज्याला त्याला विचारायची, संताचं पुस्तक आहे का, परत द्या, चूक राहिलीय. लोक म्हणायचे, आधी मिरवत होतीस, आता परत मागतेस? एका वाणिणीने पानं फाडून जिऱ्याच्या पुड्या बांधल्या होत्या. ते पाहून झुंबरला किती बरं वाटलं! सगळ्यांनी तसंच केलं असतं तर! बासष्ट प्रती मिळाल्या. तिने बासष्टांमधली ती ओळ शाईने गच्च काळी केली. बाकीच्या डोंगरात होत्या, गाठींमध्ये, देव्हाऱ्यांत, मास्तरांच्या पेट्यांत. तिथे ती ओळ तशीच लखलखीत होती.

घराच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा ओढायची. रोज एक. शाळेत डोकं लागेना. पंचविसाव्या रेघेला होळी झाली. तिसाव्याला तिला वाटायला लागलं, की कोण जाणे, कोल्हा पिसाळलेला नसेलही. नुसता आजारी असेल. फादरांना चावलेल्या कुत्र्याचं तरी कुणाला काय ठाऊक होतं? पस्तिसाव्याला तिने बापाला विचारलं, तिकिटं अजून चालतील का? चुडामण म्हणाला, नवी काढू, त्यात काय, तू फक्त शाळेत जा.

चाळिसाव्या दिवशी फादर धुळ्याला गेले होते, पुस्तक नव्याने छापून घ्यायला. झुंबर दवाखान्याच्या पायरीवर बसली होती. दुपारच्या गाडीला अवकाश होता. रस्त्यावर जामसिंग दिसला. पायी. एकटा.

तो आला. भिकुबाईंनी बाज पुढे केली, आता तो बाजेवर बसला. त्याने पाणी मागितलं, प्यायला. मग गाठ सोडून पुस्तक काढलं आणि ते झुंबरच्या हातात दिलं, नखाच्या खुणेच्या पानावर उघडून.

"चाळीस लिखेल व्हतं," तो म्हणाला. "तेवीसच झायात."

झुंबर पायरीवरून उठली.  जामसिंग सांगत राहिला. आवाज चढवला नाही. पाणी पाहिलं की पोर थरथरायची. तीन दिवस तसं चाललं, आणि होळीच्या दोन दिवस आधी ती गेली. नियम त्यांनी एकही मोडला नव्हता. "एकबी दिन फणी लाई नही. तिनी माय रडे, तरीबी लाई नही." होळीत तो नाचला का, असं भिकुबाईंनी हळूच विचारलं. नाचला. नवस तिचाच तर होता, तो कसा मोडायचा?

त्याला भांडायचं नव्हतं. चाळिसाव्या दिवशी येतो असा शब्द दिला होता म्हणून आला होता, आणि दुसरं एक काम होतं. त्याने खुणेवर बोट ठेवलं.

"तू सांगं व्हतं, हाई तू लिखेल शे. त्या दिन मी मानं नही. आते तू नीट करी दे. आठे तेवीस लिख."

आता त्याचा विश्वास बसला होता. सगळ्या मुलखात तो पहिलाच.

तिने सांगितलं, की तेवीसही खरं नाही. एकही दिवस खरा नाही. ही ओळच मी खोडून टाकते, बघा. ती धावत जाऊन दौत-टाक घेऊन आली. जामसिंगने पानावर आडवा हात ठेवला. खोडायचं नाही, तो म्हणाला. ओळ गेली तर पोरीचे दिवसही गेले. ते तेवीस दिवस ती हसली होती, पेला मिरवत होती, ते कुठेतरी लिहिलेले असायला हवेत. शिवाय पाड्यावर उद्या दुसऱ्या कुणाला चावलं, तर त्याला खरा आकडा कळायला नको?

तिने फादरांची वाट बघू या म्हटलं. तो म्हणाला, लांब जायचंय. तिने शेवटची पानं उघडून परळ दाखवलं. त्याने मान डोलावली, आणि बोट पुन्हा त्याच ओळीवर आणून ठेवलं.

झुंबरने टाक बुडवला. 'चाळीस' वर एक रेघ ओढली आणि वरच्या बाजूला, पुस्तक लिहिलेल्या त्याच वळणदार अक्षरात, 'तेवीस' लिहिलं. जामसिंगने शाई वाळेपर्यंत पान उन्हात धरलं. फुंकर घातली. पुस्तक मिटून गाठीत बांधलं. तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला.

दुपारची गाडी आली, थांबली, जळगावकडे गेली. झुंबर पायरीवरून रस्त्याकडे बघत होती. दोन दिवसांनी तो पाड्याखालच्या गावात पोचणार होता. आणि मास्तर ती ओळ सगळ्यांना वाचून दाखवणार होता.